एक मिनिट वाचन, तीन वेळा ऐकणं: पहिली ते चौथीच्या वर्गात मोबाईलचा रेकॉर्डर कसा वापरावा

दुसरी-तिसरीच्या वर्गात पंचवीस मुलं असली, की एकेका मुलाचं प्रकट वाचन बाईंच्या कानावर आठवड्यातून जेमतेम मिनिटभर पडतं. तेही शेजारच्या रांगेत पाढे चालू असताना, कुणीतरी पाणी प्यायला जाऊ का विचारत असताना. मूल अडलं कुठे, अडल्यावर त्याने काय केलं, मागे फिरलं की तसंच पुढे रेटलं, हे त्या गडबडीत निसटतं. फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर ते निसटलेलं परत मिळवून देतो. त्यासाठी वेगळं ॲप, टॅब, स्मार्ट टीव्ही यातलं काही लागत नाही.

पण एक अट आधीच सांगते. शाळाशाळांतून वाचनाचं रेकॉर्डिंग भरपूर होतं आणि ऐकलं फार थोडं जातं. फाईल ग्रुपवर पडते, चार अंगठे येतात, काम संपतं. त्यातून वाचन काही सुधारत नाही. सुधारतं ते पुन्हा ऐकण्याने. शिक्षकाने एकदा, मुलाने स्वतः एकदा आणि त्याच्या जोडीदाराने एकदा. म्हणून ज्या दिवशी ऐकायला वेळ नाही, त्या दिवशी रेकॉर्ड करू नका. आठवड्याला पाच मुलं नीट ऐकून झाली तर पुष्कळ. पंचवीसचा वर्ग महिना-सव्वा महिन्यात एकदा फिरून होतो.

तयारी: फोन, जागा, आवाज

कुणाच्या तरी घरी पडून असलेला जुना ॲन्ड्रॉइड फोन सगळ्यात बरा. त्यात सिमकार्ड नको. स्वतःचाच फोन वापरायचा असेल तर आधी फ्लाइट मोड लावा, नाहीतर मुलगी ऐन रंगात वाचत असताना केंद्रप्रमुखांचा फोन यायचाच. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये फाईलचा प्रकार निवडता येत असेल तर एम४ए घ्या. मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. वेव्ह प्रकारात तीच नोंद पाच एमबीच्या पुढे जाते आणि मुलांच्या वाचनासाठी तेवढ्या दर्जाची गरज नसते.

बहुतेक फोनचा माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो. ती कड मुलाच्या तोंडाकडे करून फोन वीतभर अंतरावर ठेवायचा. हातात द्यायचा नाही, कारण बोटं माईकवर घासतात आणि नुसती खरखर ऐकू येते. दप्तरावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर रुमाल घालून त्यावर ठेवला की टेबलाची ठकठक येत नाही.

जागेचा प्रश्न जास्त बिकट. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कोपऱ्यात सतरंजी अंथरून दुसरी एखादी खिडकीच्या दांडीवर टाकली तर घुमणं बरंच कमी होतं. पंखा बंद. व्हरांडा चालेल, पण वारा माईकवर थेट येऊ देऊ नका. पत्र्याची शाळा असेल तर जुलै-ऑगस्टात पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंगचा नाद सोडून द्यावा. खिचडीच्या वेळी तर कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचं लक्ष दोन्ही आडवे येतात. परिपाठानंतरची पंधरा मिनिटं मला सगळ्यात सोयीची वाटतात. बाकीचा वर्ग तेव्हा लेखनात गुंतवता येतो.

पहिला आठवडा वाचनाचा नाही

मुलं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकतात तेव्हा हसतात, लाजतात, “हा मी नाहीच” म्हणतात. यात त्यांची चूक नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून तर कानावर येतोच, शिवाय डोक्याच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज असतो. मुलांना हे सांगा, पटतं त्यांना. कानांत बोटं घालून बोलायला लावलं तर लगेच पटतं.

पहिला आठवडा गमतीत घालवा. “कच्चा पापड, पक्का पापड” भरभर म्हणायचं, घरचं एखादं गाणं, कोंबड्याचा आवाज, काल जेवायला काय होतं. रेकॉर्ड करा, ऐकवा, पुसून टाका. पुसलेलं मुलांच्या डोळ्यांदेखत पुसा. फोन म्हणजे परीक्षा नव्हे हे त्यातून कळतं आणि पुढे रेकॉर्डरचा लाल ठिपका दिसला की आवाजच न फुटणारी मुलं मोकळी होतात. पहिल्या बाकावरची दोन हुशार मुलंच सारखी पुढे येतील, त्यांना थोडं थांबवावं लागतं.

एका मिनिटाची नोंद

उतारा मुलाने आधी पाठ केलेला नसावा. पाठ्यपुस्तकातले धडे वर्गात इतक्यांदा म्हटले जातात की मूल पान न बघताही घडाघडा बोलतं. त्याच पातळीच्या गोष्टीच्या पुस्तकातला किंवा आपणच लिहिलेला ६० ते ८० शब्दांचा उतारा घ्या. त्याच्या दोन प्रती हव्यात, एक मुलासमोर, एक आपल्यासाठी. आपल्या प्रतीवर ओळीच्या शेवटी तिथवरची शब्दसंख्या लिहून ठेवली की नंतर मोजत बसावं लागत नाही.

बटण दाबल्यावर आधी आपण हळूच हजेरी क्रमांक आणि तारीख बोलायची, नाव नाही. मग “चल, सुरू कर.” मूल अडलं तर तीन-चार सेकंद थांबा. हे थांबणं आपल्याला जड जातं, आपली जीभ लगेच शब्द पुरवायला धावते. पण ते तीन सेकंदच सगळ्यात जास्त सांगून जातात. तरीही पुढे जाता आलं नाही तर शब्द सांगा आणि नोंद चालू ठेवा. मिनिट झालं तरी वाक्य पुरं होऊ द्या. शेवटी, रेकॉर्डर चालू असतानाच, एक प्रश्न: “काय झालं रे या गोष्टीत? तुझ्या शब्दांत सांग.” पुष्कळ शिक्षक इथे रेकॉर्डर बंद करतात, आणि अर्थ कळला की नाही ते नेमकं याच उत्तरात असतं.

फाईलचं नाव ताबडतोब बदला: इयत्ता, हजेरी क्रमांक, महिना. उदाहरणार्थ ३-१४-जुलै. “रेकॉर्डिंग ०४७” अशा नावाची फाईल दिवाळीनंतर कुणालाच ओळखू येत नाही.

ऐकताना काय टिपायचं

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मुलांच्या वाचनाची धावती नोंद ठेवण्याची पद्धत रूढ केली. मूल वाचत असताना शिक्षकाने बरोबर शब्दावर खूण करायची, चुकलेला शब्द जसा वाचला तसाच वर लिहायचा, मागे फिरून सुधारला तर तेही टिपायचं. वर्ग सांभाळत हे समोरासमोर करणं कठीण. रेकॉर्डिंग असलं की दुपारच्या सुट्टीत शांतपणे करता येतं.

एक छोटा उतारा घेऊ:

“राधाच्या घरामागे चिंचेचे जुने झाड होते. त्या झाडावर वटवाघळे राहत. संध्याकाळी ती उडून जात. राधा त्यांना रोज मोजायची, पण आकडा कधीच जुळत नसे.”

एक मुलगा वाचतो: “राधाच्या घरामागे चिंचेचं जुनं झाड होतं.” छापलेलं आहे “चिंचेचे जुने झाड होते”. तीन शब्द वेगळे वाचले, मग तीन चुका? अजिबात नाही. मुलाने छापील वाक्य वाचलं, ते त्याला कळलं आणि कळलेलं त्याने आपल्या बोलण्यात म्हटलं. हा वाचता येणारा मुलगा आहे. वऱ्हाडातलं मूल “शाळा”ला “शाया” वाचतं, “पाणी”चं “पानी” तर महाराष्ट्रभर ऐकू येतं. हे वाचनाच्या चुकांत धरायचं नाही. प्रमाण उच्चाराचं काम करायचं असेल तर ते वेगळ्या तासाला करा, या नोंदीत मिसळू नका.

आता पुढचं वाक्य. दोन मुलांनी “वटवाघळे” हा शब्द “वट… वाघ” असा वाचला. चूक तीच. पहिला तसाच पुढे गेला: “त्या झाडावर वाघ राहत. संध्याकाळी ती उडून जात.” वाघ उडून गेले तरी त्याला काही खटकलं नाही, म्हणजे तो अक्षरं वाचतोय, गोष्ट वाचत नाही. दुसरी मुलगी “उडून” या शब्दाशी थबकली, दोन सेकंद शांत राहिली, मागे गेली आणि म्हणाली, “वट-वाघळे!” गुणपत्रकात दोघांची चूक सारखी दिसेल, पण दोघांना द्यायची मदत अगदी वेगळी आहे. मुलीला काही सांगायची गरज नाही, शाबासकी द्या. मुलाला जोडाक्षरांचे तक्ते देऊन उपयोग नाही, त्याला प्रत्येक वाक्यानंतर थांबून “हे खरं वाटतं का?” असं विचारायची सवय लावावी लागेल.

मराठीत आणखी एक बारीक खूण सापडते. “चाक” आणि “चार” यांत च एकच लिहितो, उच्चार दोन करतो. ज्याच्या घरी मराठी बोलतात असं मूल “चाक” हा शब्द “चार”मधल्या च ने वाचत असेल, तर ते अक्षर जुळवतंय आणि ओळखीचा शब्द त्याच्या मनात उजळलेला नाही. घरी गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाबाबत मात्र हा निष्कर्ष काढू नका. त्याने तो शब्द तसा कधी ऐकलेलाच नसेल.

आकडे काढायचे तर सोपे आहेत. मिनिटात ५२ शब्द वाचले, ४ चुकले, म्हणजे ४८ बरोबर, अचूकता साधारण ९२ टक्के. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असं धरलं आहे. अचूकतेचा ठोकताळा असा की ९५ टक्के किंवा त्याच्या वर असेल तर मूल ते पुस्तक एकट्याने वाचू शकतं, ९० ते ९४ असेल तर आपली सोबत हवी, ९० च्या खाली गेलं तर पुस्तकच बदला. इंग्रजी वाचनाच्या वेगाचे तक्ते मराठीला लावू नका. “विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा” हा आपल्याकडे एक शब्द मोजला जातो, तिथे त्याचे तीन-चार होतील. आणि वेगाचा आकडा मुलांना सांगू नका. सांगितला की दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग श्वास न घेता वाचायला लागतो.

मुलाने स्वतःला ऐकणं

सगळ्या खटाटोपाचा गाभा इथे आहे, म्हणून वेळ वाचवायचा असेल तर वरची आकडेमोड गाळा, हे गाळू नका.

मुलाच्या हातात तोच उतारा आणि पेन्सिल द्यायची. इयरफोन असेल तर उत्तम, नसेल तर फोन कानाशी. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा ऐकताना ओळीखालून बोट फिरवायचं आणि जिथे छापलेलं आणि ऐकलेलं जुळत नाही तिथे बारीक टिंब द्यायचं. दुसरीतल्या मुलांनाही हे जमतं, फक्त सुरुवातीला दोन-तीन वेळा आपण शेजारी बसावं लागतं. मग विचारायचं, “कुठलं वाक्य छान झालं? कुठलं परत वाचावंसं वाटतं?” चूक आपण दाखवायची नाही. मुलाला सापडली नाही तर नाही. सगळ्या चुका एका दिवशी सापडल्या पाहिजेत असं काही नाही.

मग तोच उतारा पुन्हा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. एकच छोटा उतारा सफाई येईपर्यंत वाचायची ही पद्धत एस. जे. सॅम्युएल्स या अमेरिकी संशोधकाने १९७९ साली मांडली. तर्क असा: शब्द ओळखण्यात लक्ष खर्च होतं तोवर अर्थाकडे द्यायला लक्ष उरत नाही. तेच शब्द पुन्हा भेटले की ओळखायला कष्ट पडत नाहीत आणि लक्ष मोकळं होतं. रेकॉर्डरमुळे मुलाला पहिलं आणि तिसरं वाचन लागोपाठ ऐकता येतं. “आधी मी अडखळत होतो, आता गोष्ट सांगतोय असं वाटतं,” हे त्याच्याच तोंडून येतं, आणि आपल्या शेऱ्यापेक्षा त्याला वजन जास्त. तीन-चार वेळांच्या पुढे मात्र ताणू नका, मुलं कंटाळतात आणि पाठ करून मोकळी होतात.

जोडी लावताना एक भरभर वाचणारा आणि एक अगदीच अडणारा अशी जोडी टाळा. थोडाच पुढे असलेला जोडीदार जास्त उपयोगी पडतो. जोडीदाराने ऐकून एकच गोष्ट सांगायची, ती चांगली असावी आणि नेमकी असावी. “छान वाचलं” चालणार नाही. “आजी बोलते तिथे तू आवाज बदललास” हे चालेल.

आपला आवाज: दोन वर्ग, एक शिक्षक

द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसतात. एकीला शिकवताना दुसरीचं काय करायचं, हा रोजचा पेच. आपल्या आवाजातली गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली तर पाच-सहा मुलांचा गट स्पीकरभोवती बसून पुस्तकात बघत ऐकू शकतो. पेनड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर पुरतो, मुलं स्वतःच चालू-बंद करतात आणि फोन आपल्याजवळ राहतो.

असं रेकॉर्डिंग करताना बोलण्यापेक्षा किंचित सावकाश वाचा, पण शब्द तोडू नका. “एका / गावात / एक / म्हातारी / राहत / होती” असं वाचलं तर मुलंही तसंच वाचतील. “एका गावात / एक म्हातारी राहत होती” असे अर्थाचे तुकडे पाडा. पान उलटायचं तिथे टिचकी किंवा ताटलीवर चमचा. दोन-तीन ठिकाणी गोष्ट थांबवून विचारा, “आता काय होईल असं वाटतं? एकमेकांना सांगा,” आणि वीस सेकंद गप्प राहा. गोष्ट संपली की एक काम द्या: म्हातारीने कोणकोणत्या वस्तू नेल्या त्या पाटीवर लिहा, जोडाक्षर असलेले शब्द शोधा, शेवट बदलून सांगा. कामाशिवाय नुसतं ऐकायला ठेवलं तर चौथ्या मिनिटाला खोड्या सुरू होतात.

गोष्टी फक्त आपल्याच आवाजात हव्यात असंही नाही. चौथीची मुलं पहिलीसाठी गोष्ट रेकॉर्ड करू शकतात. चौथीत असून दुसरीच्या पातळीवर वाचणाऱ्या मुलाला सोपं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते. “पहिलीच्या पोरांसाठी रेकॉर्ड करायचंय” म्हटलं की तो तेच पुस्तक दहा वेळा मन लावून वाचतो.

बोललेलं लिहिणं, लिहिलेलं वाचणं

पुस्तकातली भाषा घरच्या भाषेहून फार लांबची असेल, मग ती कोरकू असो, माडिया असो की अहिराणी, तर वाचनाची सुरुवात मुलाच्याच बोलण्यातून करावी. मूल काहीतरी सांगतं: बकरी हरवली, आठवडी बाजारात काय घेतलं, ओढ्याला पाणी आलं. दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग वाक्यावाक्याला थांबवत, मुलांच्या समोर, मोठ्या अक्षरांत फळ्यावर किंवा चार्टवर लिहा. जसं बोललं तसंच लिहा. इथे शिक्षकाचा हात शिवशिवतो, “गेलतो”चं “गेलो होतो” करावंसं वाटतं. पहिल्या दिवशी ते करू नका. आपण बोललो तेच कागदावर उतरलं, हे मुलाला दिसणं महत्त्वाचं. ते वाक्य त्याला वाचता येतंच, कारण ते त्याचंच आहे.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग पुन्हा लावा, बोट ठेवून वाचा, वाक्यपट्ट्या कापून क्रम लावायला द्या, शब्दपट्ट्या करा. तिसऱ्या दिवशी शेजारी पुस्तकी मराठीत तीच गोष्ट लिहा आणि दोन्ही रूपं समोरासमोर ठेवा. घरची भाषा आपल्याला येत नसेल तर वरच्या वर्गातलं मूल किंवा अंगणवाडीच्या ताई मदतीला घ्या.

फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय आहे, तिने हे उतरवून घ्यावं असं कुणालाही वाटेल. प्रमाण मराठीसाठी ती बरी आहे. लहान मुलांचा आवाज आणि बोलीतले शब्द मात्र ती धड पकडत नाही, त्या जागी ओळखीचा दुसराच शब्द ठेवते. शिवाय शिक्षक हाताने लिहितोय आणि मूल बघतंय, हे त्या कामातलं अर्ध शिकणं आहे, ते वाचवून काय मिळवायचं?

तिसरी-चौथीला याच्या पुढची पायरी द्या: मुलाखत. गावातल्या सुताराला, आशाताईंना, जुनी शाळा पाहिलेल्या आजोबांना पाच प्रश्न. प्रश्न आधी लिहून आणायचे, त्यातले हो-नाही उत्तराचे वर्गात बसून बदलायचे. “तुम्हाला शाळा आवडायची का?” याचं “तुमच्या वेळी शाळेत दिवस कसा जायचा?” झालं की आजोबा अर्धा तास बोलतात. एवढं सगळं उतरवून घेणं मुलांच्या आवाक्याबाहेरचं आहे. गटाला दोन-दोन मिनिटांचा तुकडा वाटून द्या, प्रत्येकाने तो तीनदा ऐकून चार वाक्यं लिहायची. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, परत ऐकून पडताळायचं: श्रुतलेखनाचा इतका चांगला सराव दुसरा नाही, आणि कुणी कुरकुरत नाही.

परवानगी आणि फाईली

जूनच्या पालकसभेत सांगा की वाचनासाठी मुलांचा आवाज रेकॉर्ड होणार आहे, तो कशाला वापरणार, कोण ऐकणार आणि कधी पुसणार. सही किंवा अंगठा घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ठराव नोंदवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. एखाद्या पालकाने नाही म्हटलं तर त्या मुलाचं वाचन समोर बसून ऐका, कारण विचारू नका. व्हिडिओ शक्यतो नकोच. चेहरा दिसायला लागला की मूल वाचण्यापेक्षा दिसण्याकडे लक्ष देतं.

अडखळणाऱ्या मुलाचं वाचन पालकांच्या ग्रुपवर कधीही टाकू नये, चांगल्या वाचणाऱ्याचंही नको. शेजारीण ऐकते, संध्याकाळी तुलना होते, मार मुलाला बसतो. त्याच्या आई-वडिलांना शाळेत बोलवून जुलैची आणि जानेवारीची नोंद एकापाठोपाठ ऐकवा. शाळेत न गेलेल्या आईलाही फरक ऐकू येतो, तिला प्रगतिपुस्तक वाचावं लागत नाही.

फाईली महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढा आणि फोन रिकामा करा. प्रत्येक मुलाच्या वर्षभरातल्या तीनच नोंदी ठेवा: शाळा सुरू झाल्यानंतरची, दिवाळीनंतरची आणि मार्चची. बाकीच्या पुसा. एप्रिलमध्ये पुढच्या वर्गशिक्षकांना त्या तीन ऐकवून द्या, पालकांना हव्या असतील तर त्यांच्या मुलाच्या तेवढ्या द्या, आणि उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी पेनड्राइव्ह कोरा करा.